बोरीचं खोड आणि अरुंद बोळ

आमच्या मागच्या अंगणातली बोर शेजाऱ्याच्या टिनाच्या छपरावर रेलली होती. चार वर्षं तो कुरकुर करत होता आणि चार वर्षं मी "उद्या बघतो" म्हणत होतो. शेवटी ती तोडायला मला नेमका तो दिवस सापडला, ज्या दिवशी माझी मुलगी नर्सच्या नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती.

योगायोग वगैरे काही नव्हता. आठ दिवसांपूर्वी रागाच्या भरात मी तिला बोलून बसलो होतो, "गेली तं वापस येऊ नको." तेव्हापासून घरात आमचा अबोला. शब्द मागे घ्यावेत असं रोज वाटायचं. पण जन्मभर कारकुनी केलेला माणूस मी, चूक कबूल करायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून ती निघेल तेव्हा आपण मागे लाकडांत गुंतलेलं बरं, असं ठरवून मी हातगाडीवाल्या चाचांना बोलावलं.

अंगणातून रस्त्यावर यायला घराच्या कडेनं एक बोळ आहे, तेवढाच. पूर्वी मागचं दार होतं, पण स्वयंपाकाचा ओटा बांधताना ते मीच बुजवलं. कंपाउंडच्या भिंतींवर काचाही मीच लावल्या.

चाचांनी सकाळी बोर पाडली. मग वितीनं बोळ मोजला आणि गाडी उलटी आत घातली. अंगणात ती वळत नाही, त्यामुळे दांडे रस्त्याकडेच ठेवावे लागतात.

"पहिले फांद्या-डगाळे नेतो साहेब, मंग खोडाचे दोन तुकडे करून नेतो," ते म्हणाले.

"तुकडे नका करू. पलंगाचे पाय निघतात त्यात. सगळं एकाच खेपेत जाऊ द्या."

"बोळात फसते ते."

"फसत नाही," मी म्हणालो. मला काय कळत होतं त्यातलं? तरी म्हणालो.

खाली सबंध खोड, वर काटेरी फांद्यांचा ढीग. चाचा पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होतो. बोळाच्या मध्यावर चाक शेजाऱ्याच्या पाइपाला अडकलं, खोडाचा बुंधा आमच्या भिंतीत रुतला आणि गाडी बसली. पुढे जाईना, मागे येईना. चाचा रस्त्याकडे मोकळे आणि मी अंगणात कोंडलेला, मध्ये डोक्याच्या वर काटे. करवतही माझ्याच बाजूला राहिली होती. ती ढिगावरून फेकायला गेलो तर फांद्यांतच अडकली.

पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आता निमित्तही करावं लागणार नव्हतं. मग समोरच्या खोलीत बॅग सरकवल्याचा आवाज आला. आमच्या जऊळक्याचं स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. मी वेड्यासारखा फांद्या ओढू लागलो. हात रक्तानं भरले, एक फांदी निघाली की दुसरी तिच्या जागी बसायची. खालून जावं तर तिथेही काटेच होते.

"अवो, पोरगी निघून राह्यली न! या ना बाहेर," बायको ओरडली.

"गाडी फसली!"

मग बोळाच्या त्या टोकाला पावलं वाजली. मला ती दिसत नव्हती.

"बाबा, तुमी मुद्दामच मांगं थांबले ना?"

आजच झाड काहून तोडता, हे तिनं विचारलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि लाज वाटली.

"हो," मी म्हणालो. "पण आता खरंच अडकलो, बाई."

ती हसली की रडली, फांद्यांपलीकडे समजलं नाही. "जयभीम बाबा," एवढं ऐकू आलं. मी भिंतीला धरून उभा राहिलो, घसा साफ केला आणि आठ दिवस अडलेलं एकदाचं बोललो, "म्या जे बोललो ते मनात ठेवू नको. चुकलं माझं. वापस ये. कवा बी ये, घर तुझंच आहे."

मी फांद्यांकडे कान लावला.

"साहेब," चाचा हळूच म्हणाले, "मायलेकी तं मघाच गेल्या."

तेवढ्यात रेल्वेची शिटी ऐकू आली.

चाचांनी अर्धा ढीग एकेक फांदी करून उपसला, करवत सोडवली आणि गाडीवरच खोड चिरलं. मी बाहेर आलो तेव्हा दुपार कलली होती. आत जाऊन हात न धुताच फोन लावला.

"बसायले जागा भेटली बाबा. खिडकीजवळची."

"बरं."

डब्याची खडखड ऐकू येत राहिली. "आणखी काही?" तिनं विचारलं.

चाचा दारातच उभे होते, पाणी मागायला आलेले. मी काय बोललो होतो ते ऐकलेला तो एकच माणूस. ते माझ्याकडे बघत होते.

"लाकूड निघालं," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.