मिथिलची मिठाई

मी अक्षरं संघटनेच्या पत्रकांवर शिकले. त्यामुळे बराच काळ मला वाटायचं, की वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं. आमच्या सावली गावात रक्ततपासणीचं शिबिर ठरलं आणि शहरातले डॉक्टर आम्हा कार्यकर्त्यांना माहिती द्यायला आले, तेव्हाही मी उद्गारचिन्हांसकट पुढच्या रांगेत बसले होते.

डॉक्टर म्हणाले, "जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर मिथिल नावाचे बारीक कण चिकटतात. उपासमार, तंबाखू, चुलीचा धूर, सगळ्यांच्या खुणा उमटतात. त्या खुणांवरून साखरेचा आजार आधीच ओळखता येईल का, ते आम्ही शोधतोय."

भुकेचा पुरावा थेट रक्तात! माझं पुढचं पत्रक जागच्या जागी तयार झालं.

गावात दवंडी द्यायचं काम भोंगा लावलेल्या ऑटोवाल्याकडे होतं. तो दारात उभा राहून ऐकत होता. मिथिल त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. मिठाई ऐकली होती. शिवाय साखरेचं नावही निघालं होतंच. त्याने गावभर तेच पुकारलं. दुसऱ्या दिवशी शाळेसमोर ही रांग! लेकरांच्या हातात डबे.

रांगेत पहिली माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू.

"डबा कशाले आणला वं?" मी विचारलं.

"मिठाई वाटून राह्यले ना? तुह्या काकाले बी घेऊन जातो. त्याले शुगर हाय, पण तुकडाभर चालते."

मी डॉक्टरांकडे धावले. गर्दी पाहून ते खुशीत होते. "आलेत ना लोक? मग घेऊ या रक्त. नंतर समजावू."

माझं डोकं फिरलं. मिठाईच्या आशेवर घेतलेलं रक्त म्हणजे चोरी! मी बाकावर चढले आणि ओरडून सांगितलं, "मिठाई नाई! औषध नाई! रिपोट बी नाई, अजून शोधूनच राह्यले! पटलं तरच रक्त द्या!"

"हात् तुझी!" कोणीतरी म्हणालं. डबे खडखडले. बघता बघता अर्धी रांग घरी निघाली. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, की जणू त्यांचं रक्त मीच काढलं.

मोठी आई हलली नाही. "मंग मले काय भेटन?"

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. "तुले काई नाई भेटन. पुढं लेकराइले कामी येईल कदाचित."

"कदाचित?"

"कदाचित."

तिने तोंड वाकडं केलं. मग डबा माझ्या हातात कोंबला आणि खुर्चीत बसली. "असं सांगावं ना मंग. रक्त मागाले लाज काऊन वाटते तुमाले? घे गा डॉक्टर. अन् तू खाली उतर, भाषण पुरे झालं." सुई टोचली तशी तिने डॉक्टरांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. घरी निघालेली काही माणसं त्या शिव्या ऐकायला परत फिरली, आणि आलोच आहोत म्हणून थांबली.

तिच्यानंतर खुर्चीत एक म्हातारे भाऊ बसले. डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. "भाऊ, कशासाठी रक्त घेतोय ते कळलं ना?"

"कळलं," भाऊ बाही वर करत म्हणाले. "मिठाई नाई."

डॉक्टरांनी एक उसासा टाकला, खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.