कूलरमधली बाळंतीण

आमचा कूलर पत्र्याचा आहे. दिवाळीनंतर तो जिन्याखाली जातो आणि होळी झाली की बाहेर यावा अशी अपेक्षा असते. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत होळीनंतर घराघरांतून पत्रा ओढल्याचा खरखराट ऐकू येतो. लोक जाळ्यांत नवं गवत भरतात, मोटारीला तेल देतात. मी मात्र दरवर्षी "येत्या रविवारी बघू" म्हणतो, आणि तो रविवार बायकोचा आवाज चढल्याशिवाय उगवत नाही. यंदाही तसंच चाललं होतं. फरक एवढाच, की यंदा माझ्या आळसाचा कुणीतरी रीतसर फायदा करून घेतला.

एप्रिल लागला, फरशी रात्रीसुद्धा गरम लागायला लागली, तेव्हा एका सकाळी मी कंबर कसून कूलरची मागची जाळी काढली. आतून "फिस्स" असा आवाज आला. मी इतक्या चपळाईनं मागं सरलो, की पन्नाशीत माझा मलाच अभिमान वाटावा. वाकून बघतो तर मांजर. तिच्या पोटाशी तीन पिल्लं, अजून डोळे न उघडलेली, ओल्या शेंगदाण्यासारखी.

ही मांजर आमची नाही. निदान आई तरी गेली तीन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगते. "आमची कुठली? येती आपली भवानी, जाती." त्या भवानीला सकाळी दूध, दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी आणि संध्याकाळी "उरलंय म्हणून" पुन्हा दूध मिळतं, ही गोष्ट वेगळी. आईचं सगळं आयुष्य गंगापूरकडच्या आमच्या गावात, गुरावासरांत गेलं. शहरात आल्यावर राखायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं ही मांजर राखली, फक्त कबूल केलं नाही.

मी उत्साहानं म्हणालो, "टोपलीत घालतो आणि मागच्या ओट्यावर ठेवतो."

आई माझ्याकडं बघतच राहिली. "बाळंतीण हाय ती. बाळंतिणीला उठवतेत व्हय कुणी?"

"मग कूलर?"

"तुला एकट्यालाच उकडतंय का गावात?"

विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात. उलट मलाच हुकूम झाला, की बाळंतीण उघड्या पत्र्यावर निजणार नाही, गोणपाट आण. घरामागं विटांच्या ढिगावर गव्हाचं एक जुनं पोतं पडलेलं होतं, ते मी आणून घातलं. बायकोनं विचारलं, "झटकलं का?" मी म्हणालो, "झटकलं." म्हणजे एकदा हलवलं होतं.

त्या दिवसापासून मांजरीचं बाळंतपण सुरू झालं. तिनं बाहेर यावं लागू नये म्हणून आई ताटली थेट कूलरच्या तोंडाशी ठेवायची. भाकरीवर तूप. माझ्या भाकरीवरचं तूप कोलेस्टेरॉलच्या नावाखाली दोन वर्षांपूर्वीच बंद झालेलं आहे, तेव्हा मी ते तूप जाताना फक्त बघायचो. आम्ही सगळे पंख्याखाली ओले पंचे घेऊन बसायचो, आणि घरातलं एकमेव थंडावा देणारं यंत्र एका कुटुंबाचं राहतं घर झालं होतं.

लेक कॉलेजात आहे. आज्जीनं तिला दिवसातून एकदाच बघायची परवानगी दिली होती, म्हणून ती हात आत घालून मोबाईलवर फोटो काढायची आणि मग दिवसभर ते बघत बसायची. असाच एक फोटो मोठा करून बघताना तिनं एकदम मोबाईल माझ्यापुढं धरला.

"पप्पा, हे काय आहे?"

पिल्लांच्या वर, पत्र्याच्या कोपऱ्यात, विस्कटलेल्या जाळ्यात दोन पिवळट काटेरी गोळ्या लटकत होत्या. अगदी बाभळीच्या फुलांसारख्या. त्यांच्या शेजारी एक तपकिरी कोळीण उलटी टांगलेली, पायांवर पट्टे. आणि पोटाखाली नारिंगी रंगाचा चक्क डमरू.

"कोळी आहे," मी म्हणालो. "घरात कोळी असायचेच."

"साधा नाही वाटत हा. थांबा." तिनं मोबाईलवर शोधाशोध केली आणि वाचायला लागली. विष, दुखणं, पेटके. दुसऱ्या वाक्याला बायकोनं पाय वर उचलून घेतले आणि तिसऱ्याला मी.

आईला मोबाईलची गरज नव्हती. "कोळी अंगावर मुतला की फोड येतेत. तुझ्या आत्याला आलते. गेरू लावलाता आठ दिस."

"आज्जी, हा मुतत नाही, चावतो."

"मग तर लईच वाईट."

आता घरात दोन पक्ष पडले. कोळीण माझ्या पोत्यातून आली, असं बायकोचं म्हणणं. ती आधीपासूनच कूलरमध्ये होती, असं माझं. पण त्या वादात माझंही मन नव्हतं. ओल्या शेंगदाण्यासारखी ती पिल्लं डोळे मिटून वर तोंड करून काहीतरी चाचपडत होती, आणि वर वीतभर अंतरावर ती कोळीण टांगलेली होती. आई दर दोन मिनिटांनी उठून लांबून वाकून बघून येत होती. मांजर "आमची नाही" हे तिनं त्या दिवशी एकदाही म्हटलं नाही.

क्रांती चौकाकडं जनावरांचे एक डॉक्टर आहेत, लेकीनं त्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला तो मी स्पीकरवर ठेवला.

"हा कोळी भित्रा असतो," डॉक्टर म्हणाले. "आपणहून अंगावर येत नाही. दाबला गेला तर चावतो. मोठ्या माणसाला दुखेल, पण पिल्लू एवढंसं असतं, तिथं धोका नको. काढून टाका."

"फवारा मारू का?" मी विचारलं. स्टुलावर डबा तयारच होता.

"अजिबात नाही! औषध नाही, पावडर नाही, फिनेल तर जवळपासही नको. मांजर अंग चाटते, पिल्लं तिचं दूध पितात. कोळ्याआधी तुमचं औषधच त्यांना मारेल. मांजर बाहेर गेली की काचेची बरणी वरून ठेवायची, खालून पुठ्ठा सरकवायचा. झालं."

सोपं होतं. फक्त मांजर बाहेर जाईना. जाईल कशाला? जेवण जागेवर मिळत होतं. आम्ही ताटली लांब ठेवून पाहिली, तर तिनं आमच्याकडं असं पाहिलं, की हॉटेलात पाणी उशिरा आल्यावर मीसुद्धा वेटरकडं तसं पाहत नाही. मी मात्र जय्यत तयारीत होतो. पावसाळी कोट, भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि डोक्याला हेल्मेट. बेचाळीस अंशांत त्या अवतारात मी जिन्याखाली उभा राहिलो आणि कोळिणीच्या आधी मलाच चक्कर यायला लागली.

"काढा ते," बायको म्हणाली. "तुम्हाला बघून ती पिल्लं घेऊन जाईल."

तेवढ्यात आईला युक्ती सुचली. "धुरी देऊ. धुरानं कोळी आपोआप पळतो. गावाकडं कणगीला देतो की."

"डॉक्टर म्हणाले ना, औषध नको."

"धूर काय औषध हाय व्हय? धूर तर बाळंतिणीला देतेतच. तुझ्या वक्ताला मी सव्वा महिना घेतला. ओवा, बाळंतशेपा, लसणाची टरफलं. तिलाबी शेक बसंल, पोरांनाबी."

आता ऐकताना हे वेडेपणाचं वाटेल. पण त्या क्षणी आम्हा चौघांनाही ते शंभर टक्के पटलं. बाळंतीण म्हटल्यावर धुरी आलीच. ज्या घरातली प्रत्येक पोर त्या वासात वाढलेली आहे, तिथं धुरानं कुणाचं वाईट होईल हे डोक्यात येणार कसं? डॉक्टरांना पुन्हा फोन करायचंही कुणाला सुचलं नाही. बायकोनं घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, निखारा झाला, आईनं मूठभर ओवा टाकला, आणि मी घमेलं कूलरच्या तोंडाशी सरकवलं.

पत्र्याचा डबाच तो. क्षणात आत पांढरा धूर कोंडला. आतून एक खोकल्यासारखा आवाज आला आणि मांजर बाणासारखी बाहेर पडली, तोंडात एक पिल्लू. माझ्या पायांमधून, तुळशीच्या कट्ट्यावरून, कंपाउंडच्या भिंतीवर, आणि पलीकडं. पलीकडं रस्ता. रस्त्यावर चहावाल्याच्या टपरीखाली झोपणारी चार कुत्री.

आत दोन पिल्लं ओरडत होती. इतक्या लहान जिवातून एवढा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं.

"काढ ते! काढ!" आई ओरडली, आणि मी हलायच्या आत तिनंच बादली उचलून निखाऱ्यांवर ओतली. आमच्याकडं नळाचं पाणी किती दिवसांनी येतं हे माहीत असलेल्या बाईनं भरलेली बादली एका झटक्यात ओतली, यावरून काय ते समजा.

लेक मांजरीमागं फाटकाबाहेर धावली. मी कूलरच्या तोंडाशी गुडघ्यावर बसलो. कोट, हातमोजे, हेल्मेट सगळं जिन्यावर. अंगात बनियन. धूर विरळ झाला तसं एक पिल्लू हाताला लागलं, ते मी मागं दिलं. दुसरं कोपऱ्यात गेलं होतं, पोत्याच्या दुमडीत. मी दुमड उचलली, पिल्लाच्या मानेला धरलं, आणि त्याच दुमडीवर, माझ्या मनगटापासून चार बोटांवर ती बसलेली दिसली. धुरानं जाळं सोडून खाली उतरली होती. पाय पोटाशी घेऊन, गोळा होऊन.

सांगायला हवं, की मी धीट माणूस नाही. पाल दिसली की मी बायकोला हाक मारतो. पण पिल्लू हातात होतं आणि त्याचं छोटंसं हृदय माझ्या बोटांवर धडधडत होतं, म्हणून तो हात मागं घ्यायची सोय नव्हती.

"हलू नका," बायको कानाशी म्हणाली. "हात हळूच वर. हळू. आता घ्या."

पिल्लू वर आलं आणि त्याच जागी लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी पालथी पडली. तिनंच ठेवली. मग पुठ्ठा हवा. हाताशी एक जाडजूड लग्नपत्रिका होती, ती सरकवली.

"गणपती वर करून धर गं," आई मागून म्हणाली. त्या अवस्थेतही.

अंड्यांच्या त्या काटेरी गोळ्या काडीनं काढून उकळत्या पाण्यात टाकल्या. कोळिणीला मात्र उकळतं पाणी नको असं लेकीचं म्हणणं पडलं, आणि "तीबी आपल्या लेकरांपाशीच बसलीती" असं आई पुटपुटली, तेव्हा मी नंतर ती बरणी स्कूटरच्या डिकीत घालून गावाबाहेरच्या खडकाळ माळावर रिकामी करून आलो. पण ते नंतर.

त्या दुपारी मांजर दिसेना. लेक घामाघूम होऊन परत आली. कुत्र्यांच्या टपरीपाशी काही नव्हतं, हे चांगलं की वाईट ते कळेना. दोन्ही पिल्लं आम्ही व्हरांड्यात सावलीला परातीत मऊ फडक्यावर ठेवली. डॉक्टरांना फोन केला. धुरीचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "श्वास नीट चाललाय ना? मग त्यांच्यापासून लांब व्हा, आणि वाट बघा. येईल."

आम्ही चौघं आतल्या खिडकीशी बसलो. माणसाचा हात लागलेलं पिल्लू मांजर घेत नाही, असं प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं होतं आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. चहा झाला, पण आईनं कपाला हात लावला नाही.

"मीच म्हणलं धुरी द्या म्हणून," ती हळूच म्हणाली.

"आणि घमेलं कुणी सरकवलं?" मी म्हणालो. "आई, आपण चौघांनी मिळून एक मांजर घालवली. एकटीनं सगळं श्रेय घेऊ नकोस."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिला माझ्या आजारपणांत असं बसलेलं पाहिलेलं आहे.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा भिंतीवर दोन कान दिसले. मग डोकं. तोंडात पिल्लू, तेच, धडधाकट, पाय लोंबत असलेलं. लेकीनं माझा दंड इतका जोरात धरला, की वळ उठले. मांजर खाली उतरली, परातीपाशी आली, दोन्ही पिल्लांना हुंगलं. आमच्या हातांचा, धुराचा, लोणच्याचा, काय काय वास आला असेल देव जाणे. तिनं मान वर केली आणि खिडकीकडं पाहिलं. मग तोंडातलं पिल्लू तसंच घेऊन दारातून सरळ घरात शिरली. आमच्याकडं ढुंकूनही न बघता आमच्या मधून, हॉलमधून, आईच्या खोलीत. आईच्या पलंगाखाली धुतलेल्या पातळांची एक उघडी पेटी असते. पिल्लू तिथं टाकलं. परत बाहेर. दुसरं. परत बाहेर. तिसरं.

"माझं धुतलेलं पातळ," आई म्हणाली. आवाजात तक्रार औषधालाही नव्हती.

संध्याकाळी मी कूलर घासूनपुसून स्वच्छ केला, पोतं बाहेर टाकलं, नवं गवत भरलं आणि मोठ्या दिमाखात तो आईच्या खोलीच्या खिडकीला लावायला घेऊन आलो. आई पलंगावर नव्हती. खाली जमिनीवर पदर अंगावर ओढून, पेटीकडं तोंड करून आडवी झाली होती. पेटीतून दूध ओढल्याचा चुटूचुटू आवाज येत होता. मी बटणाकडं हात नेला तशी ती मागं न वळता पुटपुटली,

"ते इथं लावू नको. वारं लागंल तिला."