कारणाचा रकाना

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात कापसाच्या बियाण्याचे प्लॉट आहेत. तिथे बायका दुपार कलल्यावर उद्या उमलणारी कळी सोलतात. आतले बारीक नर नखानं काढायचे, मधल्या मादीला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, मग खुणेला लाल कागद अडकवायचा. सकाळी त्या मादीवर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं. कळीत नर राहिले की बी भेसळीचं होतं. द्वारकाबाईंनी हे काम बावीस वर्षं केलं. अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलं. धाकटी जाऊ सुरेखाला तर बोट धरून.

पंचेचाळिशी उलटली आणि कळी धूसर झाली. हात लांब केला की दिसायची. पण लांब हातानं कळी सोलता येत नाही.

श्रावणात शहरातल्या एका संस्थेची माणसं आली. जवळचं न दिसणाऱ्या शेतमजूर बायकांचं काम चष्म्यानं किती सुधारतं, याचा अभ्यास होता. सभामंडपात संस्थेच्या इरमनं सगळ्यांचे डोळे तपासले आणि संमतीचा कागद भराभर वाचून दाखवला. मुलगी भोकरदनचीच, बोलायला गोड.

"मावशी, सही का अंगठा?"

"सही," द्वारकाबाई ताठ होऊन म्हणाल्या. त्या सातवी पास. कागदावरचं एक अक्षर दिसत नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली. सही ठोकली.

चिठ्ठ्या निघाल्या. सुरेखाला चष्मा मिळाला. द्वारकाबाईंना गट दोनचं निळं कार्ड मिळालं आणि ताकीद मिळाली: तुमच्या नंबरचा चष्मा येणार आहे, बाजारातला घेऊ नका. त्यांनी ती पाळली. आठवडी बाजारात चष्म्याच्या दुकानापुढून त्या मान वळवून जायच्या.

महिन्याभरात प्लॉटवाल्या कल्याणरावांनी त्यांच्या पातीतल्या, म्हणजे वाट्याच्या ओळीतल्या, पाच-सहा कळ्या उलगडल्या. नर तसेच होते.

"वहिनी, तुमी खुरपायला जा. पात सुरेखा वहिनी धरतील."

चारचौघींत बोलले. द्वारकाबाईंनी खुरपं उचललं. तीन आठवडे गवत काढलं. पोरी त्यांच्याकडं न बघता पुढं जायच्या.

शेवटी सुरेखालाच राहवलं नाही. "अक्का, हा घाला, नंबर सारखाच हाय. तुमी सोला, मी कागद अडकवते. निम्म्या पातीला बदलू." एक चष्मा, दोन जावा. कल्याणरावांनी कळ्या बघितल्या, नर सापडला नाही, आणि ते पुढच्या पातीकडं वळले.

तोच चष्मा लावून द्वारकाबाईंनी एका सकाळी सही केलेल्या कागदाची पेटीतली प्रत काढली. गट दोनमधल्या बायकांना चष्मा सहा महिन्यांनी, असं छापलं होतं. प्लॉटचा हंगाम अडीच महिन्यांचा. चष्मा येईल तेव्हा शेतात कापसाची वाळकी पऱ्हाटीसुद्धा उरणार नव्हती. नंबर काढला होता, लिहून ठेवला होता, आणि जाणूनबुजून तसंच राहू दिलं होतं. त्यांनी कागद चोळामोळा केला. परत उलगडला. परत वाचला.

दोन दिवसांनी इरम प्लॉटवर आली.

"सुरेखाबाईंचा चष्मा तुमच्या डोळ्यावर? मावशी, दोन्ही नावं बाद होतील! साहेब मला फाडून खातील."

"कशाचा अभ्यास करून राह्यले तुमी?"

"चष्म्यानं काम सुधारतं का, त्याचा."

"मंग झाला की. बघ ही कळी. एक नर सापडला तर मला इथंच गाड."

सुरेखा फिसकन हसली.

"असं न्हाई होत, मावशी. एका गटाला द्यायचा, एकाला न्हाई. मंगच फरक कळतो."

"माझा नंबर तुला कधी कळाल्ता?"

"पहिल्याच दिवशी."

"आन दर पंधरा दिवसाला येऊन, मला किती दिसत न्हाई तेवढं लिहून न्यायची. वर माझ्याच घरचा चहा प्यायची."

इरमचं तोंड उतरलं. "मी वाचून दाखवलं होतं. सही तुमचीच हाय."

"जवळचं दिसत न्हाई म्हणून घेतलं ना मला? मंग सही करताना दिसत होतं, हे कुणी ठरवलं?"

इरमनं पिशवीतून दुसरा कागद काढला. "बाहेर पडायचं तर पडा. कधीबी पडता येतं." नाव, वय, गाव तिनंच भरलं. शेवटी कारणाचा रकाना होता. तोही भरला आणि कागद पुढं केला. "इथं सही."

द्वारकाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचलं. वैयक्तिक कारण.

"खोड ते."

"सगळ्यांचं हेच लिहितात, मावशी."

"खोड म्हणते ना! पेन दे इकडं."

त्या पातीतच मांडी घालून बसल्या. बोटांना पिवळी पूड लागलेली होती, ती कागदालाही लागली. एकेक अक्षर दाबून लिहिलं: डोळे तपासून चष्मा दिला नाही. दुसरा घेऊ दिला नाही. माझी पात गेली. हे जावेच्या चष्म्यानं लिहिलं.

खाली सही केली.

इरमनं कागद घडी केला. मग चष्म्यासाठी हात पुढं केला. सुरेखा मध्ये येऊन उभी राहिली.

"उद्या बाजारातून अक्काला चष्मा आणते. मंग ये," ती म्हणाली. "आत्ता निम्मी पात बाकी हाय."