थांबा जी

तुमसरला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक वाक्याआधी तो "थांबा जी" म्हणतो, तेही स्क्रीनकडे बघत. मागे मशीन परत देताना म्हणाला, "थांबा जी, बाहेरची हार्ड डिस्क 'इजेक्ट' न करता तशीच ओढली तरी चालन, अशी सेटिंग करून देली. लोकं घाईत ओढतेच." मला रागच आला. मी काय अडाणी आहे?

आई आता नाही. परवा तिच्या आवाजातली रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी डिस्कवर घेतली, फोनमधली पुसली आणि बस गाठायला डिस्क तशीच ओढली. बसमध्ये ते आठवलं आणि पिशवीतली डिस्क दोनदा काढून पाहिली. साकोलीला भावाकडे डिस्क लावली. सगळी गाणी होती, मधलं आईचं खोकणंसुद्धा.

आभार मानायला गेलो. "थांबा जी," तो म्हणाला, "पयले दुसरी कॉपी करू."