तिच्या गालावरची सावली

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी फोटोग्राफर. असले फोटो मीच बसल्या बसल्या एडिट करून देईन! माधवनगरला माझा छोटा स्टुडिओ आहे. थीम पोर्ट्रेट करते... प्रॉप्स, लाइटिंग, एडिटिंग, सगळं एकटीच.

सासर कडेगावचं, मिस्टर फौजी. मी त्यांची दुसरी बायको. पहिली, वैशाली, आजारपणात गेली. तिची लेक समृद्धी आता सहावीत आहे. लग्न झाल्यापासून तिच्या वेण्या घालतेय, डबे भरतेय, पण मी तिची अजून काकूच.

मागच्या सुट्टीत मिस्टर घरी होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा एक झ्याक फोटू काढ. आन् शेजारी तिच्या आईला बशीव. तुला कॉम्प्युटरवर येतंय न्हवं?"

"आवं, मग मी कुठं बसू?"

"तू काढनार हाईस की गं."

मिस्टर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. त्याचाच जास्त राग आला. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू? मेलेल्या बाईवर काय जळायचं... पण जळले.

समृद्धीच्या हातात मिरजेहून आणलेला जुना तंबोरा देऊन तिला बाकावर बसवलं. डावीकडे मोठा दिवा लावला. दिवा आणि पोर यांच्यामधली जागा वैशालीसाठी रिकामी ठेवली. पहिला फोटो काढून लॅपटॉपवर बघते तर समृद्धीच्या गालावर सावली! मध्ये कुणी बसलं असावं तशी. दिवा बदलला, स्टँड हलवला. प्रत्येक फोटोत तीच सावली. नुसत्या डोळ्यांना मात्र तिचा गाल लख्ख दिसत होता. आणि पोरगी त्या रिकाम्या जागेकडे कलून अशी हसत होती... माझ्याकडे बघून ती तशी कधीच हसलेली नाही.

एडिटिंगला बसले. जुन्या फोटोतल्या वैशालीला मुद्दाम जरा लहान करून मागे सारलं. फोटो काही केल्या खरा वाटेना. शेवटी चरफडत तिला तिच्या खऱ्या मापात आणलं, तर सावली तंतोतंत जुळली. अगदी अंबाड्यासकट.

प्रिंट बघून समृद्धी म्हणाली, "काकू, आईला लय भारी बसवलंस गं."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिला परत तसंच बसवलं, तोच दिवा लावला, आणि रिमोट घेऊन मी स्वतः त्या जागी बसले. अगदी चिकटून, दिवा पुरता अडवून.

फोटोत मी स्पष्ट आलेय. पण समृद्धीचा गाल... लख्ख. मध्ये कुणी नसल्यासारखा.

धंद्यातल्या मित्रांना दाखवला. ते म्हणतात, एडिट केलायस. नाही हो, हात लावलेला नाही त्याला! याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. भूत आहे की नाही, तेही मला विचारायचं नाही. वैशालीची सावली त्या पोरीवर पडते, मग माझी का पडत नाही?