रंगून जागचं हललं नाही

परवा संध्याकाळी मला न्यायाधीश व्हावं लागलं. तेही श्रीवर्धनच्या किनाऱ्यालगत, उंडीच्या झाडांखाली… वर पांढरा फुलोरा, समोर समुद्र इतका निवांत, की जगात कुणाचं काही बिघडत असेल असं वाटतच नव्हतं.

बिघडायच्या बेतात होता तो बाळूचा घाणा. उंडीच्या बियांचं कडू तेल काढतो तो, दिव्यांना आणि होड्यांना. गेल्या शिमग्याला मुंबईहून आलेल्या मेहुण्याशी, दगडूशी, त्याची पैज लागली. दगडूचं भाकीत : वर्षभरात देशात परदेशी घासलेट वाढणार. वाढलं, तर बाळूने बैल विकून मुंबईला गिरणीत जायचं. पंच मी… गावात वर्तमानपत्र माझ्याकडे येतं, एवढीच माझी लायकी.

यंदा दगडू आला तो ताजे आकडे नाचवतच. "भावोजी, आवरा आता! वाढलंय. छापून आलंय."

आकडे खरे होते. बाळू बैलाला पाणी दाखवायला उठला. त्याची बायको सुंदरा तेवढं म्हणाली, "दादा, चाळीत उंडी वाळत घालू कुठं रं?"

बैलापुढे घासलेटचाच जुना डबा होता, कापून केलेला. त्यावर छापलेलं 'रंगून'. ती अक्षरं बघता बघता माझी तंद्री लागली… सोनेरी कळसांचं कुठलंसं शहर, संथ नदी, तिच्यातून निघालेली तेलाची बोट…

आणि एकदम जागा झालो. रंगून ब्रह्मदेशातलं, आणि मधल्या काळात ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला नाही का! कालपर्यंतचं घरचं तेल आता परदेशी म्हणून मोजलं होतं. रंगूनचं वगळलं, तर बाकीचं होतं तिथंच. तेल तेच, डबा तोच… वाढला होता तो परदेश.

मी घसा साफ केला. "पैज लागली त्या दिवशी रंगून आपल्यातच होतं. मोजायचं ते त्या दिवसाच्या नकाशानं. परदेशी तेल वाढलेलं नाही. बाळू जिंकला."

"पन भाऊसाहेब, कागदावर वाढलंय न्हाय का?"

"तुझ्या पत्रांच्या कागदावर तर तूही मुंबईत मुकादम आहेस, दगडू."

सुंदरा पदराआड हसली. दगडूही हसला… जरा उशिरा.

पंचाला मानाचं बाटलीभर उंडीचं तेल मिळालं. त्याच्याच दिव्यापाशी हे लिहितोय. उजेड बेताचा, धूर मात्र सढळ. पण वाऱ्यावर घाण्याची कुरकुर ऐकू येते, आणि बरं वाटतं…

जागचं न हलता रंगून परदेशी गेलं. बाळू तेवढा घरी राहिला.