घोरपडीचे दात

माझी मावशी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवतात आणि ती प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवून, एकेक दात बसवून, गुलाबी हिरड्यांसकट अख्खं तोंड तयार करून परत देते. तिची लॅब म्हणजे दोन खोल्या, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्या दुकानात मी नोकरीला आहे, म्हणून मला तिचं गुपित कळलं. नाहीतर मावशीनं जन्मात कुणाला पत्ता लागू दिला नसता.

मावशी म्हणजे शिस्तीचा पुतळा. काम सासऱ्यांच्या हाताखाली शिकली, नवरा गेल्यावर एकटीनं लॅब चालवली, आणि सव्वीस वर्षांत तिची एकही कवळी उशिरा गेली नाही. हसणंसुद्धा मोजून मापून. तिला सगळ्यात जास्त काम देणारे डॉक्टर म्हणजे माझे बाबा, तिचे भाऊजी. बाबा जाडजूड पुस्तकं वाचणारे, टीव्हीला 'खोका' म्हणणारे. कवळीत केसाएवढा फरक सापडला तरी परत पाठवायचे, आणि चांगली झाली तर काहीच म्हणायचे नाहीत. मावशी म्हणायची, "बरोबरच आहे. माझं काम कुणाच्या डोळ्यात आलं की समजायचं, बिघडलं."

दर शनिवारी दोन ते चार लॅबचं दार आतून बंद असायचं. बाहेर पाटी : 'मोजदाद चालू आहे. चारनंतर या.' इतकी कसली मोजदाद असते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मग एका शनिवारी कुरियरवाल्यानं तिचं खोकं चुकून आमच्या दुकानात टाकलं. ते घेऊन मी जिना चढले, तर आतून मावशीची किंकाळी.

"अगं पळ! मागे काय बघतेस, पळ!"

मी दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. बऱ्याच वेळानं कडी निघाली. मावशी दारात, ॲप्रन घातलेला, चेहरा लालबुंद. तिच्या मागे तिच्या सासूबाई, ज्यांना मी आजी म्हणते, स्टुलावर पाय वर घेऊन बसलेल्या. आणि त्यांच्या पुढ्यात टीव्ही. पडद्यावर बसएवढी गोगलगाय एक धरण खात होती.

"मोजदाद?" मी विचारलं.

मावशीनं मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली. "बोलायचं नाही कुठे. भाऊजींच्या कानावर तर मुळीच नाही. आणि आता गप्प बस, ती शास्त्रज्ञ बाई मिठाचा ट्रक घेऊन येतेय."

मी बसले. बाई आली, ट्रक उलटला, गोगलगायीचा फेस झाला. धरण पुठ्ठ्याचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मावशीनं माझा हात असा काही आवळला होता की मलाही घाम फुटला. शेवटी हेलिकॉप्टर उडालं. ते खेळण्यातलं होतं, त्याची दोरीसुद्धा दिसत होती. मावशीनं सुस्कारा टाकला. "वाचले बाई सगळे."

त्या दिवसापासून मीही मोजदादीला जायला लागले. दर आठवड्याला एक असा पिक्चर : टीव्हीसाठीच केलेला, चार दमड्यांत उरकलेला, आणि दर वेळी जग बुडायला आलेलं. एकदा उल्का पडून गावाचा आवाजच गेला, एकदा शिंपले झाडावर चढले. ऐकू कमी येणाऱ्या आजीच्या मते हा सगळा एकच पिक्चर होता, गेली सात वर्षं चाललेला, कुणा हरवलेल्या माणसाच्या शोधाचा. "अजून सापडला नाही का तो?" असं त्या मधूनच विचारायच्या. मावशी मान हलवून नाही म्हणायची आणि आजी काळजीत पडायच्या.

मी एकदा मावशीला म्हटलं, "अगं, पण किती खोटं दिसतं हे!"

"दिसू दे ना," ती म्हणाली. "मी दिवसभर खरं दिसण्यासाठीच मरते. यांच्याकडे काही नाही. डबे आहेत, दोऱ्या आहेत. तरी म्हणतात, चला, चंद्र पाडू! मला तर अंगावर काटा येतो."

मग एका शनिवारी 'पाताळघोरपड' लागला. जमिनीखालच्या बोगद्यातून एक अगडबंब घोरपड वर येते, असा विषय. मावशी पहिल्यापासून खुशीत होती. चाळिसाव्या मिनिटाला घोरपडीनं तोंड उघडलं, आणि मावशी ताडकन उभी राहिली.

"दाढा पुढे बसवल्यात!"

"काय?"

"डोळे फुटलेत का? दाढा पुढे आणि सुळे मागे! आणि हे माणसाचे दात आहेत गं, बाजारातले तयार, नुसते रंगवलेत. ही खाणार कशी?"

इतक्यात घोरपड शास्त्रज्ञावर झेपावली आणि तिचा एक दात निखळून त्याच्या कोटावर पडला. त्यानं तो झटकला आणि भाषण पुढे चालू ठेवलं. मी हसून हसून गडबडा लोळले. मावशी मात्र हसली नाही. ती पडद्याला नाक लावून शेवटच्या पाट्या वाचत बसली. कंपनीचा पत्ता आमच्याच शहरातला निघाला, बसनं पाऊण तासावर.

तिनं दोन पानी पत्र लिहिलं. घोरपडीचा जबडा समोरून आणि बाजूनं काढून, प्रत्येक दाताला नंबर घालून. चौथ्या दिवशी फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. पलीकडे दिग्दर्शिका होती आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"तुम्ही दातांच्या डॉक्टर का?"

"नाही. मी दात करते."

"घोरपडीचे करता?"

"आजवर कुणी मागितले नाहीत."

पलीकडून हसू फुटलं. "आम्ही दुसरा भाग करतोय. 'पाताळघोरपड परतते'. आठ दिवसांनी शूटिंग. येऊन बघता का?"

मावशीनं फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. "साडी कुठली नेसू गं?" हा प्रश्न तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. भाज्या-फळं साठवायचं एक बंद पडलेलं शीतगृह कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं. आत शिरलो, तर समोर अंतराळ नियंत्रण कक्ष! अंड्यांचे ट्रे चंदेरी रंगवून भिंतींना ठोकलेले, धुलाई यंत्रांची बटणं, सायकलींचे लाल दिवे. मला वाटलं, एवढं जवळून पाहून मावशीचा हिरमोड होणार. ती हात मागे बांधून एकेक वस्तू बघत फिरली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "टीव्हीत दिसतं त्याहून कितीतरी छान आहे."

घोरपडीचं काम करणारे गृहस्थ पोहण्याचे मास्तर होते, उंच, अतिशय सभ्य. त्यांनी ओठ उलटून दाखवला. आतून सोलल्याचा वण अजून दिसत होता. "मागच्या वेळचे दात आतून टोचायचे हो. आणि जबडा दोरीनं उघडायचा. दोरी ओढणारा जेवायला गेला की मी उघड्या तोंडानं उभा."

मावशीचे डोळे चमकले. "दोरी कशाला? तुमचं तोंड आहे ना? तुमच्या दातांवर घट्ट बसेल अशी पट्टी करते, तिला घोरपडीचा जबडा जोडते. तुम्ही चावाल तसं ती चावेल."

दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "असं होतं?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "करून बघू."

तिथेच एका खोक्यावर मास्तरांना बसवून, सोबत आणलेल्या सामानानं तिनं त्यांच्या तोंडाचं माप घेतलं. पुढचे सहा दिवस लॅबमध्ये जे चाललं त्याला तोड नाही. दिवसा नेहमीच्या कवळ्या, त्या वेळच्या वेळी जायलाच हव्या होत्या, आणि मधल्या प्रत्येक फटीत घोरपड. चौसष्ट दात तिनं मेणात हातानं कोरले. प्राणिसंग्रहालयात जाऊन खऱ्या घोरपडीपुढे दीड तास उभी राहिली. पक्का झालेला जबडा गरम पाण्यातून काढला तेव्हा ती चक्क गुणगुणत होती. आजींनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "कुणाचा गं? बिचाऱ्याचं तोंड भलतंच मोठं आहे."

शूटिंगच्या दिवशी मी रजा टाकली. मास्तरांनी पट्टी तोंडात बसवली, वर घोरपडीचं डोकं चढवलं. दिवे लागले. शास्त्रज्ञ झालेली नटी पाठमोरी उभी होती. तिला फक्त वळून बघायचं होतं. ती वळली. मास्तरांनी आ केला, आणि घोरपडीचा तो प्रचंड जबडा सावकाश, ओलसर, उघडला. क्षणभर थांबला. मग खाडकन मिटला! नटी जी किंचाळली ती खरीखुरी. दिवेवाला शिडीवरून दोन पायऱ्या घसरला. 'कट' म्हणायचं दिग्दर्शिका विसरूनच गेली. मास्तरांनाही चेव चढला, ते आपले चावतच सुटले. मावशी एका अंड्याच्या ट्रेला टेकून उभी होती, दोन्ही मुठी तोंडावर दाबून, आणि नाचत होती. पन्नाशीतली माझी मावशी, जागच्या जागी, लहान पोरीसारखी.

तीन महिन्यांनी शनिवारी दोन वाजता पिक्चर लागला. आम्ही तिघी कडी लावून बसलो. दाराला मोजदादीची पाटी होतीच. घोरपड आली, पूल खाल्ला, बोगदा खाल्ला, दोन पोलीस खाल्ले. एकही दात पडला नाही. शेवटी पाटी सरकली : 'दात', आणि पुढे मावशीचं संपूर्ण नाव. आम्ही टाळ्या वाजवतच होतो, तेवढ्यात दार वाजलं.

दारात बाबा. दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर. चालत यायला दहा मिनिटं लागतात, म्हणजे पिक्चर संपायच्या आधीच निघाले होते. मावशीचा चेहरा उतरला.

"आमच्या बाहेरच्या खोलीत पेशंट तो खोका लावून बसले होते," बाबा म्हणाले. "आरडाओरडा ऐकून बाहेर आलो. ते दात तू केलेस."

"पाटी वाचलीत का भाऊजी?"

"पाटी कुठली? मी तेवढा थांबलोच नाही. सुळ्याच्या बुडाशी तू जी बारीक रेघ काढतेस ना, ती दुसरं कुणी काढत नाही. सव्वीस वर्षं बघतोय." त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. "तुझ्या कवळ्यांबद्दल मी कधी काही बोललो नाही."

"परत पाठवायचात की."

"हो, ते पाठवायचो." बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "चावा बिनचूक होता. वरचा खालच्यावर असा बसला... आमच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांनी तोंडावर हातच घेतला. म्हणाले, डॉक्टर, मला असले नकोत."

मावशीला हसू आलं, मोजून मापून नव्हे, चांगलं खदखदून. बाबाही हसले. आजींनी बाबांसाठी स्टूल सरकवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "सापडला हो एकदाचा."

कंपनीनं तिला लगेच पुढचं काम दिलं : समुद्राच्या तळाशी राहणारा, दोन तोंडांचा कुणीतरी. या वेळी बाबा स्वतः पुस्तकांतून माशांचे जबडे काढून तिला दाखवायला घेऊन जायचे आणि दोघं तासन्‌तास वाद घालायची. गेल्या मंगळवारी ते काम पोचवायला मी तिच्याबरोबर बसनं निघाले. मांडीवर भलं मोठं खोकं घेऊन मावशी ताठ बसली होती. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "काय आहे हो यात?"

"दात," मावशी म्हणाली. "एकशे बारा. बघायचेत?"

आणि उत्तराची वाट न बघता ती खोक्याची दोरी सोडायला लागली.